न धुतलेली चाळणी

मित्रांनो, एक पत्र सव्वा महिना माझ्याखाली दबून पडलं होतं. मी एक जुनी पितळी चाळणी आहे, आणि त्या पत्रातला प्रश्न माझ्याबद्दलच होता.

साकीनाक्याच्या एका कारखान्यात माझं कडं घडलं. त्यावर केसासारख्या तारांची जाळी ताणली. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत दत्ताराम नावाचे मदतनीस डोंगरातले दगड कुटून माझ्यातून चाळायचे. त्या वाळूत झिरकॉन नावाचे इवलेसे कण असतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं अगदी संथपणे शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की कणाचं वय कळतं, आणि वयावरून तो कोणत्या डोंगरातून झिजून, नदीबरोबर वाहत आला, त्याचा माग लागतो. मला तर प्रत्येक कणाला विचारावंसं वाटे, बाबा रे, तू मूळचा कुठला?

एका दगडाचा कण दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येक दगडानंतर दत्ताराम मला ब्रशने घासून धूत. अडतीस वर्षं त्यांच्या स्वच्छतेचे दाखले दिले गेले. जाळी सैल झाली तेव्हा मला टाकून देणार होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला मुलुंडला घरी आणलं. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंनी मला पिठीसाखर चाळायला मागितलं, तर त्यांनी दिलं नाही.

मग प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या अनुपमाचं पत्र आलं. हिमालयाच्या पायथ्याचा तिचा दगड हा दत्तारामांनी चाळलेला शेवटचा. त्यातले सगळे कण शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे, एकच कण मात्र दोन कोटींचा. असा दगड कण साचूनच बनतो, म्हणून तो काही आपल्यातल्या सर्वांत तरुण कणाहून जुना असू शकत नाही. म्हणजे त्या एका कणापायी तिथल्या डोंगरांचा इतिहास बदलत होता, आणि तिचा लेख छापायला निघाला होता. तिने लिहिलं होतं, "काका, माझ्या दगडाआधी चाळणी धुतली होतीत ना?"

दत्तारामांना आठवत होतं, एका दुपारी नळाला पाणी नव्हतं. तेव्हा त्यांनी मला टेबलावर दोनदा आपटून नुसतं झटकलं होतं. पण तो हाच दिवस का? कबूल करावं तर अडतीस वर्षांचं नाव जाणार. आठवण चुकीची असली तर पोरीचा लेख उगाच बुडणार. रोज ते "चि. अनुपमा" एवढंच लिहीत आणि कागद घडी करून ठेवत.

"अहो, पत्र काय लोणचं आहे मुरवायला?" जयंतीबाईंनी विचारलं.

"मला नक्की आठवत नाही गं."

"मग तेच लिहा ना."

त्यांनी मला खिडकीशी धरून भिंग लावलं. जाळीच्या कडेला तीन-चार कण चमकत होते. कुठले, ते त्यांना सांगता येईना. ते त्यांनी काढले नाहीत. कागद घेतला आणि लिहिलं, "बहुतेक धुतली नव्हती. चाळणीच पाठवतो. अडकलेल्या कणांची वयं काढ. तोवर लेख थांबव."

मित्रांनो, आपली हत्यारं जपा, धुऊन ठेवा. आणि एखाद्या दिवशी राहून गेलं, तर विचारणाऱ्याला तसं सांगा.

पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी खोका हलवून पाहिला. आत काय आहे, म्हणाल्या.

"पत्राचं उत्तर," दत्ताराम पुटपुटले. "जरा जड झालंय."

बाईंनी खोका वजनकाट्यावर ठेवला आणि शिक्का मारला.