तळाला भोक पडलेलं टमरेल

मी टमरेल बोलतंय. नाक काय मुरडता? चाकणजवळ सोनबाच्या चाळीत सहा खोल्यांना एक संडास, त्याच्या दाराशी, पाण्याच्या टाकीपशी माजी जागा. आदी मी रंगाचा डबा हुतं. रंग संपला, सोनबानं तार बांदली आन हितं आनून टेकवलं. मानसांची तोंडं मला वळखू येत न्हाईत, पर दुसरी बाजू पुरी पाठ हाय.

म्हनून सांगतंय, ज्योतीरामला मूळव्याध नव्हती. नव्हती म्हंजे नव्हती!

ह्यो परभणीकडचा गडी, मोटारीचे भाग बनवनाऱ्या कंपनीत लागलेला. दिसाला आठ-आठ खेपा. पोटात कळ, रक्त, शेंबडावानी आव. मी रोज बगत हुतं. पर टमरेलाला कोन इचारतंय?

सोनबा टाकीवर दात घासता घासता डाक्टर झाला. "मूळव्याध हाय रं लेका. मशीनीपशी हुबा ऱ्हाऊन उष्णता धरलीया. सुरण खा, सब्जा पी."

सहाच्या सहा खोल्यांनी मुंड्या हलीवल्या. येकालाबी वाटलं न्हाई, तपासून घ्यावं. पाच म्हैने ह्यो सुरण खातोय आन पट्ट्याला नवी भोकं पाडतोय.

बायको वर्षाली इचारायची, "अहो, रक्त थांबलं का?"

"कवाच!"

खोटारडा! कंपनीत पर्मनंट करायची यादी लागनार हुती. आजारी कळलं तर नाव गळंल, ह्याची धास्ती. मग आपलं झालं की टाकीवरनं मला पुन्ना पुन्ना भरून आनायचा आन वतायचा. येकदा, दोनदा, तीनदा. लाल काय दिसता कामा न्हाई. त्याच्या चोरीत मी सामील! लई राग यायचा सोताचा.

गंजलं म्हना, चिडलं म्हना, येका सकाळी माजा तळ फुटला. त्यानं भरलं, दारापातुर जाईस्तवर मी रिकामं. परत भरलं, परत रिकामं. तवर कंपनीची बस हॉर्न मारायला लागली, गडी तसाच पळाला. मागं नंबर वर्षालीचा.

संध्याकाळी तिनं त्याला टाकीपशीच धरलं. "ही मूळव्याध? कोंबडं कापल्यावानी रक्त हाय!"

"अगं पोरी, उष्णता..." सोनबा मदी घुसला.

"काका, तुमची उष्णता तुमच्यापशीच ठेवा!"

दुसऱ्या दिशी पिंपरीला न्हेलं त्याला. शी तपासली, रक्त तपासलं, खालनं दुर्बीण घालून आतडं बगितलं, बारका तुकडा काडून तपासाला धाडला. निगालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हंजे मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. डाक्टरीनबाईचं बोलनं वर्षालीनं टाकीवर सगळ्यांना ऐकवलं, सोनबाला जरा जोरातच. "आजार मुळासकट जात न्हाई, पर गोळ्यांनी दबून ऱ्हातो. कामबी करता येतंय. फकस्त बरं वाटलं म्हनून आपल्या मनानं गोळी बंद करायची न्हाई."

सुरवातीला स्टिरॉइड, ते हळूहळू कमी केलं. सुजेच्या गोळ्या रोजच्या. दोन म्हैन्यांत खेपा दोनावर आल्या, गाल भरले, यादीत नावबी लागलं.

आन मग ह्या गाढवानं काय केलं? गोळ्या बंद!

"बरा झालोय की राव," सोनबाला सांगत हुता. वर्षालीला न्हाई सांगितलं. सोनबा म्हनला, "ब्येस केलंस, गोळ्यांनी किडनी जाती." आता ह्या दोगांच्या टकुऱ्यात मला हानायला हात असते तर!

पर मी भिताडाकडंला भंगारात पडलेलं. माज्या जागी लाल प्लास्टिकचा मग आलाय, भोक नसलेला. काल सकाळी ज्योतीराम धावत आत घुसला. कण्हल्याचा आवाज आला. भायेर आला, लाल मग भरला, आत गेला. मी मोजायला लागलं. येक...

बोल की रं मुडद्या! आता तुजी चुगली करायला मी न्हाई तितं. तुज्या तोंडानं बोल!

दोन आलंच न्हाई. दार उगडलं.

"वर्षाली," रडवेल्या आवाजात म्हनला, "जरा इकडं ये. बग हे. म्या गोळ्या सोडल्या हुत्या."

ती लई बोलली त्याला. बोलत बोलतच दवाखान्याची फाईल काडली.

बास. आता भंगारवाल्याला हाक मारा. तेवडं सोनबालाबी माज्यासंगं तोलून टाका.