वाडीचं पोट

माचीकोंडात पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी कुणी कुणाला चहापाण्याचं विचारत नसे. माधुरीच्या अंगणापुढून जाणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "काय गो, पोट कसं हाय?" बाहेरच्या माणसाला वाटावं, काय माया आहे या वाडीत! माया होतीच, नाही असं नाही. पण पोटाची चौकशी करणारा प्रत्येक जण खरं तर आपल्या घरामागच्या डोंगराची चौकशी करत होता.

त्याचं असं झालं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर ही पंधरा-वीस घरांची वाडी. महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर खचून आला त्याच पावसात एका सकाळी माधुरीच्या पोटात असा मुरडा उठला की ती गुडघे छातीशी घेऊन गडाबडा लोळायला लागली. ओठ पांढरे पडले. नवरा जितेश कामाला मुंबईत, घरात सासू सगुणाबाई एकटी. तिनं हंबरडा फोडला आणि वाडी गोळा झाली. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. निसरड्या उतारावर डोली न्यायची तर खांदे बदलायला सगळे गडी लागतात, आणि माधुरी आता काही परत येत नाही या समजुतीनं बायामुलंही रडत मागून निघाली. सगळे खालच्या गावातल्या शाळेपाशी पोचले तेव्हा वर मोठा आवाज झाला. वाडीच्या टोकाच्या घरांवर दरड आली होती. आत माणूस नव्हतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. आदल्या संध्याकाळी माधुरीनं सासूच्या हातचं वालाचं बिरडं, वर भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, असं पोटभर खाल्लं होतं आणि मग पावसाच्या आवाजाला घाबरून डोळ्याला डोळा लावला नव्हता. पोट दुखायला आणखी काय लागतं? पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण! त्या दिवसापासून वाडीनं वाघजाईला कौल लावणं जवळजवळ सोडूनच दिलं. देवीच्या दगडाला तांदूळ चिकटवा, उजवा पडतो की डावा ते बघत ताटकळत बसा, त्यापेक्षा माधुरीला विचारणं सोपं. तिचं दुखलं की वाडी खाली शाळेत उतरायची. नाही दुखलं तर तलाठ्यानं हात जोडले तरी माणूस हलायचं नाही.

आणि दुखायचं म्हणाल तर दर पावसाळ्यात दुखायचंच. सकाळी दहा जण पोट विचारून गेल्यावर कुणाचं पोट ताळ्यावर राहील? कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काहीच नाही आणि पोट टम्म फुगलेलं. कुणाच्या लग्नाला जायचं तर मांडव बघायच्या आधी संडास कुठं आहे ते बघायचं. एसटीत बसायची धास्ती. लेक शिकायला जितेशकडे मुंबईत, पण तिला भेटायला जायचं धाडस होत नव्हतं. माधुरी या दुखण्याला इतकी विटली होती की एकदा सासूला म्हणाली, "आई, यापरीस डोंगर आला तर बरा." सगुणाबाईनं घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

यंदा शिमगा झाल्यावर जितेश तिला महाडला उज्ज्वला डॉक्टरणीकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं चांगलं निघालं. माधुरीला रडूच आलं. सगळं चांगलं असून दुखतंय म्हणजे ही बाई सोंग करते, असंच आता डॉक्टरीण म्हणणार. पण ती तसं म्हणाली नाही.

"दुखणं खरं आहे, माधुरीताई. याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण ते चिडखोर झालंय. जरा काही झालं की आवळून धरतं. वाल, आठळ्या, फणस, दूध, सध्या बंद. थोडं थोडं खा, वेळेवर खा. जेवणाआधी ही गोळी. आणि मला सांगा, एवढं घाबरता कशाला?"

माधुरीनं सगळं सांगितलं. डोंगराचं, डोलीचं, रोजच्या विचारपुशीचं. डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्या पोटाला डोंगरातलं काही कळत नाही हो. तुमची भीती तेवढी कळते. लोकांना सांगा, आता विचारू नका म्हणून."

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माधुरीचंही मुंगीच्याच पावलानं गेलं, पण गेलं. ती पेज जेवायची, दुधी-पडवळ खायची, गोळी चुकवायची नाही आणि निजताना पोटावर हात ठेवून, डॉक्टरणीनं शिकवला तसा सावकाश श्वास घ्यायची. मे महिन्यात ती एकटी एसटीनं मुंबईला जाऊन लेकीला भेटून आली आणि वाटेत कुठंही पोटासाठी उतरावं लागलं नाही. परतली ती इतकी खूश की म्हशीशीसुद्धा हसून बोलायची.

वाडी मात्र खूश नव्हती. नाथूबाबा हा वाडीतला सगळ्यांत जाणता माणूस, वाघजाईला कौल लावायचा मानही त्याचाच. एक दिवस तो मुद्दाम तिच्या पडवीत येऊन बसला.

"डॉक्टरणीनं काय दिलान गो तुला?"

"गोळ्या दिल्यान, बाबा. आता दुखत नाय."

"मग आता डोंगराचं कसं कळायचं आमाला?"

माधुरी हसली. नाथूबाबा हसला नाही.

आषाढ सरता सरता पाऊस असा लागला की उघडीप म्हणून नाही. अर्धी लावणी झालेली, अर्धी अजून व्हायची, आणि माणसं चिखलात वाकून वाकून बेजार. अशात एका सकाळी झऱ्याचं पाणी तांबडं यायला लागलं. दुसऱ्या दिवशी माधुरीच्या मागच्या दाराची फळी चौकटीत बसेना. पावसानं लाकूड फुगलं असेल म्हणून तिनं लाथ घातली, तरी बसेना, आणि मग तिच्या लक्षात आलं की चौकटच कलली आहे. ती तशीच छत्री घेऊन वर नाचणीच्या तुकड्यावर गेली. बांधाच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीला भेग पडली होती. तिनं वाकून आत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तरी बुड लागलं नाही, आणि आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. तिची छाती धडधडायला लागली. पोट मात्र गप्प होतं.

त्याच दुपारी तलाठी राजेंद्र भाऊसाहेब भिजत वर आला. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी शाळेत उतरायचं, असा हुकूम होता. वाडी माधुरीच्या अंगणात जमली. भाऊसाहेब बोलत होता आणि लोक माधुरीकडे बघत होते.

"तुजं पोट काय म्हनतंय गो?" नाथूबाबानं विचारलं.

"पोटाचं सोडा, बाबा. मी वर भेग बघून आलेय. हात जातोय आत."

"भेगा दर सालाला पडतात. पोट दुखतंय का तेवढं सांग."

"नाय दुखत. पण..."

"नाय ना? मग झालं तर." लोक उठायला लागले. गुरांचं कोण बघणार, लावणी कोण करणार, शाळेतल्या गळक्या खोलीत कोण निजणार, अशी बडबड सुरू झाली. भाऊसाहेबानं कपाळाला हात लावला.

माधुरीनं पोट धरलं आणि कण्हत खाली बसली. नाथूबाबा जवळ आला, तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला आणि म्हणाला, "सोंग नको करूस, पोरी. व्हट लाल हायत तुजं." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. इतक्या वर्षांचं तिचं दुखणं सगळ्या वाडीनं डोळ्यांनी बघितलं होतं. तिथं नाटक कसलं चालतंय!

ती एकटी उतरली असती. पण सासू म्हशीला सोडून हलणार नव्हती, आणि सासूला सोडून ती हलणार नव्हती. अंगण रिकामं झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. सगुणाबाईनं स्वतःसाठी केलेलं बिरडं चुलीपाशी होतं. माधुरीनं टोप पुढं ओढला आणि उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली. मग टोपलीतल्या आठळ्या खाल्ल्या, वर दुधाचा तांब्या तोंडाला लावला. त्या दिवशीची गोळी तिनं घेतली नाही. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या मुश्किलीनं मिळालेलं सुख ती स्वतःच्या हातानं घालवत होती आणि तिला त्याचं फार वाईट वाटत होतं.

दिवस कलायच्या आत दुखायला लागलं. आतडी पिळून काढल्यासारखी कळ आली, अंगाला घाम सुटला आणि तिनं अशी किंकाळी मारली की गोठ्यातली सासू धावत आली. नाथूबाबाही आला. या वेळी त्यानं नुसते तिचे ओठ बघितले आणि बाहेर जाऊन ओरडला, "उठा रे! उतरा समदी!" अंधार पडायच्या आत सगळी वाडी शाळेत होती. वेदनेनं अर्धमेली झालेली माधुरी बाकांच्या मधे पडून होती आणि तिच्या मनाला बरं वाटत होतं. माणसं वाचली, आता दुखलं तर दुखू दे.

पण डोंगर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाऊस तर खळ घेईना. आंबेनळी घाटात दरड कोसळली म्हणून भाऊसाहेब तिकडे गेला आणि वाडीला थोपवायला कुणी उरलं नाही. वर गोठ्यातली गुरं ओरडत होती, त्यांचा आवाज वाऱ्याबरोबर शाळेपर्यंत येत होता. माधुरीचं पोट आता शांत होत चाललं होतं. ती उठून बसली, कुणीतरी दिलेली पेज प्याली. नाथूबाबा समोर येऊन टेकला.

"मी इचार करत होतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पैल्या सालाला दुखलं तवा हिला डोलीत घालून आपण खाली आणली, नि डोंगर आला. मागून दर सालाला दुखलं, तवा दोन दिसांत हिला परत वर नेली, नि डोंगर जागचा हलला नाय. औंदा हिचं दुखायचं थांबलं, नि भेग पडली. परवा परत दुखलं, नि भेग तितंच थांबली. काय समजायचं यातून?"

एकेक मान हलायला लागली.

"हिचं पोट इशारा देत नाय रे. हिच्या दुखण्यानं डोंगर धरून ठेवलाय. पैल्या सालाला आपणच हिला खाली आणली, म्हनून तो सुटला."

"बाबा, काय बोलताय! तसं काय नाय!" माधुरी ओरडली. "मी बिरडं खाल्लं म्हणून दुखलं. आठळ्या खाल्ल्या, दूध प्याले. तुमी खाली यावं म्हणून मुद्दाम खाल्लं. देवाची शप्पथ. डॉक्टरणीला विचारा!"

तिला वाटलं, आता तरी डोळे उघडतील, चार शिव्या देतील आणि गप्प बसतील. नाथूबाबानं डोक्याला टॉवेल गुंडाळला.

"मंजे खाल्लं की दुखतंय," तो म्हणाला. "मग कशाची काळजी? वाल घरोघरी हाय."

माणसं उठली. अंथरुणं गुंडाळली, पोरं कडेवर घेतली. दोन बायांनी माधुरीला दंडाला धरून उभं केलं. ती हात सोडवायला लागली तेव्हा त्यातली एक अगदी मायेनं म्हणाली, "चल गो. तू नाय आलीस तर आमी कुनाच्या जिवावर ऱ्हायचं?" सगळ्यांत पुढं सगुणाबाई चालत होती. म्हशीच्या ओढीनं तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माधुरी पायवाटेनं वर चढली, रडत आणि शिव्या देत चढली, पण चढली. सासू वर असताना ती खाली कशी राहणार होती?

घरी मागचं दार आता उघडंच राहत होतं, चौकट पार तिरकी झाली होती. कुणीतरी ते दोरीनं बांधून टाकलं. मग वाडी पडवीत बसली, गडी एका बाजूला, बाया एका बाजूला. कुणी वालाचं बिरडं आणलं होतं, कुणी आठळ्या भाजून आणल्या होत्या, कुणी दूध. ज्याच्या त्याच्या घरचा वाटा होता. सगुणाबाईनं सगळं एका ताटात वाढलं आणि सुनेपुढं ठेवलं.

"खा, पोरी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पावसाला जोर आलाय."

"आई, यानं डोंगर थांबत नाय. तुमाला तरी कळतंय ना?"

सगुणाबाईनं दुधाचा तांब्या ताटाजवळ सरकवला. बाहेर उजेड कमी होत होता आणि सगळे ताटाकडे बघत होते. माधुरीनं ताट दूर सारलं. पुन्हा कुणी ते पुढं केलं. तिनं दोन घास कसेबसे गिळले आणि ती थांबली. पोटात काहीच होत नव्हतं.

तेवढ्यात घराच्या मागं, वर कुठंतरी, एक दगड सुटला. तो गडगडत खाली आला, कशावर तरी आपटला आणि थांबला. माधुरीनं ताट दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि घाईघाईनं, मोठे मोठे घास घेत, ती खायला लागली.