घूं गेली, पण शशिधरची नाही

मित्रांनो, कबनूरच्या एका दोन खोल्यांच्या घरात, कपाटाच्या वर, जुन्या चादरीत गुंडाळून आडवी ठेवलेली काळी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मी. माझ्या तारा गंजल्या आहेत. पण पोटातला पिकअप अजून शाबूत आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याच्याबद्दलच.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले लोहचुंबक. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार थरथरली की त्या थरथरीची वीज होते आणि स्पीकरमधून सूर निघतो. माझ्या पहिल्या पिकअपमध्ये अशा वेढ्यांचे एकच वेटोळे होते. त्याला एक खोड होती. जवळ ट्यूबलाइट असो, मोटार असो, तो तिचीही गुणगुण ओढून घ्यायचा. कोणी वाजवत नसतानाही मी 'घूंऽऽ' करत बसायचे.

कोल्हापुरातल्या एका दुकानातून शशिधरने मला घरी आणले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मूळचा गडहिंग्लजचा, पण कबनूरला यंत्रमागावर कामाला लागलेला. दिवसाचे बारा तास मागाच्या खडखडाटात, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रामध्ये माझ्यासोबत. गडहिंग्लजच्या एका लग्नात नवरदेवाच्या आजोबांनी त्याला जवळ बोलावले आणि म्हणाले, "पोरा, तुझ्या हातात गोडवा हाय." त्या रात्री माझ्यावरून मऊ फडके किती वेळ फिरत होते म्हणून सांगू!

मग वारणानगरचा तो कार्यक्रम झाला. ऑर्केस्ट्रातली जुनी गायिका आदल्याच आठवड्यात वारली होती. तिच्यासाठी सगळा मंडप उभा राहिला. दोन मिनिटे स्तब्धता. आणि त्या शांततेत एकटी मी बोलत होते. घूंऽऽ.

माणसे वळून बघू लागली. शेवटी एक संयोजक दबक्या आवाजात खेकसला, "ओ पावणं, ते बंद करा की!"

शशिधरने धावत जाऊन बटण दाबले. त्याचे कान लाल झाले होते. त्या गेलेल्या बाईंनीच त्याला पहिल्यांदा स्टेजवर उभे केले होते. घरी आल्यावर तो बायकोला, प्रेरणाला, एवढेच म्हणाला, "दिवसभर माग डोकं खातोय, आन् वाजवायला बसलो तर ही. मला जरा शांत पायजे गं."

त्याचा मित्र जोतीराम मोटार रिवाइंडिंग करायचा. त्याने मला उघडून बघितले आणि हसला. "एक वेटोळं हाय म्हणून बोंबलती ही. शेजारी दुसरं बसवू. त्याचं चुंबक उलटं, येढं पण उलटं. मग भायेरची घूं दोघांत उलटसुलट शिरती आन् एकमेकीला खाऊन टाकती. तारेचा सूर तेवढा ऱ्हातो."

बोलायला सोपे होते. मोटारीची जाड तार गुंडाळणाऱ्या हातांना ती बारीक तार पेलेना. तुटली की जोतीराम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, त्याने मला स्पीकरला जोडले.

मित्रांनो, ती शांतता मी कशी सांगू? ट्यूबलाइट वर जळत होती, शेजारी पंखा फिरत होता, आणि माझ्यातून काही म्हणजे काही निघत नव्हते. जोतीरामचे डोळे चमकले.

"बघ लेका! हाय का काय आवाज?"

शशिधर मान तिरकी करून ऐकत राहिला. "हाय की अजून."

"काय हाय?"

"घूं."

जोतीरामने पुन्हा तपासले. मग वायरच काढून टाकली. "आता?"

"अजून हाय."

दाराशी चहा घेऊन उभ्या असलेल्या प्रेरणाला सगळ्यांच्या आधी कळले. कितीतरी वर्षे ती नवऱ्याशी चढ्या आवाजात बोलत होती. तिने कप खाली ठेवले आणि विचारले, "अवो, ती घूं रोज असती व्हय? मागावर नसताना पण?"

"असती की," तो म्हणाला. "सगळ्यांनाच असती न्हवं?"

जोतीरामने हातातली वायर खाली ठेवली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितले ते त्याने घरी येऊन सांगितले, तेव्हा मी खुंटीला होते. मागाच्या आवाजाने कानातल्या नाजूक पेशी मेल्या होत्या. त्या परत येत नाहीत. काम सोडले तर उरलेले ऐकू येणे वाचेल. "आन् काम सोडून करू काय?" त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी तो कानात कापूस कोंबून पाळीला गेला.

वरचे बारीक सूर त्याला ऐकू येईनासे झाले. ऑर्केस्ट्राने दुसरा वादक घेतला. तरी तो मला हनुवटीला टेकवून, लाकडाच्या थरथरीवरून तारा लावायचा. एकदा त्याने प्रेरणाला विचारले, "लागलाय न्हवं सूर?"

दोन तारा सरळ सरळ उतरलेल्या होत्या. ती म्हणाली, "लागलाय की. झ्याक लागलाय."

त्याने अख्खे गाणे वाजवले. अर्ध्यावर त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितले, आणि त्याला कळले. तरीही तो थांबला नाही. शेवटपर्यंत वाजवून त्याने मला चादरीत गुंडाळले. त्याला चार वर्षे झाली.

मित्रांनो, मला कोणी खाली काढावे, पुसावे, असा माझा हट्ट नाही. आता प्रेरणाही मागाच्या त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जाते. ती कानात काहीच घालत नाही. गेल्या महिन्यापासून ती टीव्हीचा आवाज वाढवायला लागली आहे. शेजारणीने हटकले, तर म्हणाली, "टीव्हीच बिघडलाय." शशिधरला ते ऐकू आले नाही. मला आले, पण मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी कबनूरला राहत असेल, तर तिला सांगा, टीव्ही नाही, कान बिघडतायत. जवळ जाऊन, आजच सांगा.