नळावरची टोपी

"आबा, टोपी कवा निघंल? कंपनीची माणसं येऊन बसली," काउंटर सांभाळणाऱ्या मल्हारनं हाक दिली.

"निघायची तवा निघंल," मागच्या थंड खोलीतून हौशीराम ओरडला. "पेलं मांडून ठेव तवर."

कारेगावजवळ सर्जेराव शेठचं परमिट रूम होतं आणि त्यात बियरचा नळ होता. नळ म्हटलं की लोकांना वाटतं, फिरवला की झालं. पण मागच्या बॅरलपासून काउंटरपर्यंत जो पाइप येतो, त्याला आतून बुळबुळीत थर धरतो आणि बियर आंबते. म्हणून दर सोमवारी पाइपात कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी भरायचं, मुरू द्यायचं आणि मग साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. हे काम हौशीरामचं. पूर्वी तो दूध डेअरीत टाक्या धुवायचा. डेअरी बसली आणि शेठनं त्याला इकडं आणलं. स्वतः जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. "देवानं बी तुमाला बरी जागा गाठून दिली," असं त्याची बायको धुरपदा म्हणायची.

पाइपात कॉस्टिक असेपर्यंत नळावर हौशीरामची टोपी असायची. आधी त्यानं पाटी लावून पाहिली, पण वेटर कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. पाटी वाचणार कोण? फडकं बांधलं, तर ते कुणीतरी टेबल पुसायला नेलं. मग एकदा तो जरासा बाजूला गेला आणि एका वेटरनं नळ उघडला. नशीब, पाणी पेल्यात न पडता हातावर उडालं. हाताची सालटं निघाली. पोटात गेलं असतं तर माणूस हातचा गेला असता. तेव्हापासून टोपी. वडीलधाऱ्याच्या टोपीला हात लावू नये, एवढं सगळ्या मुलखांत कळतं. टोपी आहे तोवर नळ बंद, टोपी निघाली की पेले भरायचे, असा रिवाजच पडून गेला.

त्या सोमवारी मात्र हौशीरामचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. थोरली लेक धनश्री पाबळच्या गेणबांच्या घरी द्यायचं जमत आलं होतं. मुलगा येऊन गेल्यावर ती आईला म्हणाली होती, "बरा हाय." धनश्री एवढं बोलली म्हणजे पुष्कळच बोलली. आता नुसता गेणबांचा होकार यायचा राहिला होता. नोकरीचं विचारलं तेव्हा हौशीरामनं "हाटेलात मशिनी बघतो" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

आणि नेमके मागच्या दारात गेणबाच उभे राहिले. डोक्याला पटका, बरोबर मेहुणे सोपानराव.

"शिरूरला काम हुतं. म्हटलं, जाता जाता गाठ घ्यावी," गेणबा म्हणाले आणि हौशीरामच्या उघड्या डोक्याकडे बघून दचकलेच. बोडकं डोकं म्हणजे सुतकाची खूण. "घरी समदं ठीक हाय न्हवं? काय वाईट वंगाळ तर…?"

"न्हाई, न्हाई, समदं ठीक. या." हौशीरामचा हात आपसूक डोक्याकडे गेला. गुंडाळायला हाताशी फडकं होतं, पण ते बियरनं चिंब झालेलं. "टोपी… तिकडं हाय."

उघड्या दारातून काउंटर समोरच दिसत होता. गेणबांनी पाहिलं. बियरच्या नळावर पांढरीशुभ्र टोपी, आणि भोवती पेले घेऊन उभे असलेले वेटर.

"घ्या की मग घालून," सोपानराव म्हणाले. "सोयऱ्यासमूर असं बोडक्यानं उभं ऱ्हात्यात व्हय?"

"पाइपात जहाल औषध हाय, पाव्हणं. टोपी उचलली की पोरं पेलं भरत्यात."

"दोन मिन्टं थांबा म्हणावं पोरांना."

"मागल्या खेपंला बी दोनच मिन्टं झाली हुती," हौशीराम म्हणाला.

जावं, टोपी घ्यावी, डोक्यावर ठेवून वाकून रामराम घालावा आणि लेकीचं सोनं करावं, असं त्याला फार फार वाटलं. पाऊलही उचललं त्यानं. तेवढ्यात काउंटरवरचा एक वेटर टोपीकडे डोळे लावून पेला नळाखाली धरून उभा राहिलेला दिसला. हौशीरामनं पाऊल मागं घेतलं.

"बसा वाईच झाडाखाली," तो म्हणाला. "पाइप धुतो, मंग चहा घिऊ."

गेणबा काही वाईट माणूस नव्हते. आवाज न चढवता म्हणाले, "तुमची टोपी दारूच्या नळाला, आन् मी भायेर चहाची वाट बघत बसलेला. भावकीला काय सांगू, हौशीराम? बरं, निरोप धाडतो."

अशा वेळी धाडलेला निरोप काय असतो, हे न कळण्याइतका हौशीराम भोळा नव्हता.

त्यानं पाइपात पाणी सोडलं. नळातून आलेलं पाणी बोटांत चोळून पाहिलं, निसरडं लागलं. पुन्हा सोडलं. बोटं खरखरीत लागेपर्यंत सोडतच राहिला. डोळे भरून आले होते, ते बाहीनं पुसले. हाताला कॉस्टिक होतं. मग त्यानं टोपी उचलली आणि पोरांची पेले भरायची एकच झुंबड उडाली.

संध्याकाळी तो घरी पोचायच्या आत सोपानरावांचा फोन येऊन गेला होता. मुलाचा यंदा लग्नाचा विचार नाही म्हणे.

हौशीरामनं घडलं ते सगळं सांगितलं. धुरपदाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "लोकांच्या लेकरांसाठी सोताच्या लेकीचं घर मोडलं ह्या मानसानं!" असं म्हणून ती ओसरीत जाऊन बसली. तिचंही काय चुकलं? हौशीराम खाली मान घालून ताटावर बसला.

चुलीपुढं धनश्री भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "आप्पा, ते पानी कुनी प्यालं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

आवाज अगदी सरळ होता. पण थापता थापता हात कुठंतरी चुकला आणि भाकरी मधोमध फाटली. तिनं ती मोडली, पाण्याचा हात लावून पुन्हा गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली.