तंबूतल्या माश्या

नॉर्थ डकोटातल्या त्या जत्रेत निम्मा जिल्हा लोटला होता. पांढऱ्या तंबूपुढे ब्रदर डेल्मर पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून मधमाशीच्या सुरात गुणगुणत होता.

"राणीमाशी रुसलीय, बंधूंनो. तिचा सूर हरवला की पिल्लांचे पंख वाकडे. रोगबिग सगळं थोतांड."

सकाळी ऑरव्हिलमामाची मधमाश्यांची निळी पेटी तंबूत गेली, तेव्हा तिच्या माश्या मुडपलेल्या पंखांनी गवतात सरपटत होत्या. संध्याकाळी पडदा वर गेला. तीच निळी पेटी, पण माश्या भरारत होत्या. लोकांनी टोप्या काढल्या. मामाने डोळे पुसले.

"मार्लिस, तुझं ते माश्यांवरचा बारीक किडा, माइट, मारायचं औषध घेऊन जा परत. माझ्या सगळ्या पेट्या आता याच्या हवाली."

भाची मार्लिस जनावरांची डॉक्टर. "मामा, सकाळी तुझ्या पेटीतल्या मूठभर माश्या बाटलीत घेतल्यात. आताच्याही घेते. विद्यापीठात तपासणी होईस्तोवर थांब."

"तू देवाचंही रक्त तपासशील," मामा कुरकुरला. पण थांबला.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी विद्यापीठातून फोन आला. मार्लिस मामाला घेऊन थेट तंबूपाशी गेली.

"ब्रदर, मामाच्या माश्यांचे पंख वाकडे करणारा विषाणू गेला ना?"

"असलाच तर समूळ गेला, ताई."

"नाही गेला. थोडा आहेच, पण दुसऱ्या वाणाचा. पंख वाकडे करणाऱ्या या एकाच विषाणूची पुष्कळ घराणी असतात. त्या दिवशी सकाळी मामाच्या माश्यांत एक घराणं माजलं होतं. संध्याकाळी त्याचा मागमूस नाही, तिथे भलत्याच घराण्यांचं बिऱ्हाड. रोग उतरेलही एक वेळ, पण दिवसभरात त्याचं कूळ कसं बदलेल? पेटी तीच ठेवून तुम्ही आतल्या माश्याच बदलल्यात."

"विज्ञानाला सगळं कळत नाही, ताई."

"खरंय. म्हणून तंबूमागची तुमची गाडी उघडून बघू."

डेल्मर आडवा आला. मामाने त्याला बाजूला सारून तंबूला खेटून उभ्या गाडीचं दार उघडलं. आत धडधाकट माश्यांच्या पेट्यांची उतरंड होती. कोपऱ्यात पोत्याखाली मेणाच्या चौकटी, लाकडावर मामाच्या नावाचा डाग दिलेल्या. माश्या मरून त्यांना चिकटल्या होत्या.

"कोंडून मारल्या माझ्या," मामा हळूच म्हणाला.

गर्दी डेल्मरकडे सरकली. मार्लिस मधे उभी राहिली.

"त्याला शेरीफ बघेल. तुम्ही घरी जाऊन पेट्या उघडा. हा विषाणू माइट पसरवतो, आधी त्याला आवरा. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर टोपी काढण्याआधी तंबूच्या मागे एक चक्कर मारून या."