बैठक कुठं असते?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चनबसप्पाला एवढंच सांगितलं होतं, "दारू सोडलेली माणसं दर शनिवारी संध्याकाळी जमतात. आपापलं बोलतात. तिथं कुणी कुणाला हसत नाही. टांगा अड्ड्याजवळ कुठेतरी त्यांची बैठक असते. नक्की जागा मला माहीत नाही. विचारा, सापडेल."

त्याची बायको काशम्मा दुधनीला भावाकडे कायमची जायला निघाली होती. हे ऐकून ती एका शनिवारपुरती थांबली.

"मी येते संगट," ती म्हणाली. "तुमी आत जाऊन बसलेलं डोळ्यानं बघते. मग जायाचं का न्हाय ते ठरवू."

चनबसप्पा आडत दुकानात दिवाणजी होता. मंगळवारपासून त्यानं घेतली नव्हती.  टांगा अड्ड्यावर गैबीसाबच्या पानपट्टीपाशी चार माणसं उभी होती. त्यांतले दोघे आडतीतलेच हमाल. मागे जरा लांब काशम्मा डोक्यावर पदर घेऊन उभी. 'दारू सोडणाऱ्यांची' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचं त्यानं टाळलं.

"बैठक कुठं असते हो हितं?" त्यानं वाकून हळूच विचारलं.

गैबीसाबनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तो हसला. "आज बसायचं हाय व्हय, दिवाणजी? त्यो निळा दरवाजा. गोणपाट सारा अन् जावा आत."

"आमची बी जागा धरा की!" एक हमाल म्हणाला. सगळे हसले.

दारू सोडायला निघालेल्या माणसाला लोक हसणारच, असं चनबसप्पाला वाटलं. तो खाली मान घालून आत गेला. काशम्मा समोरच्या दगडावर बसली.

डोळ्यांना काही दिसायच्या आधी वासानं कळलं. तो दारूचा गुत्ता होता.

तो लगेच वळला. गोणपाटाच्या भोकातून त्याला काशम्मा दिसली. शेजारच्या पेरूवालीशी ती काहीतरी बोलत होती. तिचा चेहरा सैल झाला होता, किती महिन्यांनी कोण जाणे. आता बाहेर जाऊन काय सांगायचं? दिवसाउजेडी बायकोला गुत्त्याच्या दारात आणून बसवलं, हेच ती समजेल. त्यापेक्षा थोडा वेळ काढावा, बैठक संपल्यासारखं बाहेर पडावं, असं त्यानं ठरवलं.

"काय देऊ?" गुत्त्याच्या मालकानं, तिप्पण्णानं विचारलं.

"काय नको."

"मग काय पुराण ऐकाय आलायसा?"

बाकावरचा येडू नावाचा एक पिऊन तर्र झालेला माणूस खदखदून हसला. त्यानं चनबसप्पाच्या गळ्यात हात टाकला आणि स्वतःच्या हातातला पेला चनबसप्पाच्या कोटावर सांडला.

चनबसप्पानं घेतली नाही. हे सांगून ठेवायला हवं, कारण नंतर त्याला कुणी विचारलं नाही.

तो बाहेर आला तशी काशम्मा उठली. "झाली? काय बोलले?" म्हणत दोन पावलं पुढे आली आणि कोटाचा वास येताच थांबली.

"मी घेतली न्हाय. जागाच चुकली, काशम्मा."

पहिलं वाक्य तिनं पुष्कळदा ऐकलेलं होतं. दुसरं नवीन होतं. त्यावर ती क्षणभर अडली. तेवढ्यात निळ्या दारातून दोघेजण एकमेकांना सावरत बाहेर पडले.

"हितं बसून मी देवाचं नाव घेत हुते," ती म्हणाली. "ह्या दारासमोर."

ती चालू लागली. त्यानं हाक मारली नाही. तो पानपट्टीकडे गेला आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गैबीसाब, दारू सोडलेली माणसं कुटं जमत्यात? मला दारू सोडायची हाय."

हमाल वळून बघू लागले. काशम्मा वळणापाशी पोचली होती. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ती वळणाआड गेली.

"या अल्ला! ती व्हय?" गैबीसाबच्या हातातलं पान तसंच राहिलं. "बैठक म्हन्लं तर मानूस दुसरं काय समजंल? ती चर्चमागच्या शाळेत जमत्यात."

"दाखवा मला."

"आता काय दाखवू? आत्ताच गेली की समदी, हितनंच पान खाऊन. शाळेला कुलूप लागलं. पुढल्या शनवारी या."

"अन् तवर?"

गैबीसाबनं पानाला चुना लावला. मग ते पान त्यानं चनबसप्पापुढे धरलं. पैसे मागितले नाहीत.