एका वाटीतल्या दोन सुया

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवायचा? ज्याला बोलता येतं त्याच्यावर, की बोलता येत नाही म्हणून सगळ्यांचे आरोप निमूट पोटात घालणाऱ्यावर? घाई नको. आधी माझं ऐका, मग ठरवा.

मी एक एअरब्रश बोलतोय. जाडसर पेनाएवढा जीव. डोक्यावर रंगाचा इवलासा कप, खालून हवेची नळी, पोटात लांब सुई आणि तोंडाशी नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायची बारीक टोटी. खटका दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग. हुबेहूब छोट्या गाड्या, जहाजं, विमानं रंगवणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती मी असतो. स्वभावाने तसा गोड, दुकानात वाढलोय ना. पण सध्या माझं डोकं फिरलंय.

काचेच्या कपाटात होतो तेव्हाच मला माणसं कळली. एक गृहस्थ आमच्यातल्या एकाला परत घेऊन आले. "भिकार माल! शिंकतो नुसता!" दुकानदाराने त्याचं तोंड उघडून पाहिलं, तर आत भिंतीचा रंग. भिंतीचा! "साहेब," दुकानदार हात जोडून म्हणाला, "सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवलात आणि सुई वाईट म्हणताय." गृहस्थ गेले ते दुसऱ्या दुकानात. तिथेही तेच बोलले असणार. माणसाला स्वतःची चूक सोडून सगळं दिसतं, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. पण आपल्या वाट्याला कधी ते येईल असं वाटलं नव्हतं.

मला विकत घेतलं एका बाईने. कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून, जुळवून, चकचकीत करून देते. तिच्याकडेच राहणारे तिचे वडील पूर्वी आगीचा बंब चालवायचे. त्या बंबाची छोटी प्रतिकृती तिने महत्प्रयासाने मिळवली होती. ती तसली आता कुठे मिळतही नाही. वडिलांची नजर दिवसेंदिवस मंद होत चालली होती. ती पुरती जायच्या आत बंब रंगवून त्यांच्या हातात ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि मग आला तिचा दीर. हौशी मंडळात सगळे त्याला उस्ताद म्हणतात. उस्तादाकडे माझाच भाऊबंद, माझ्याहून बारीक तोंडाचा, माझ्या तिप्पट किमतीचा. आम्हाला शेजारी शेजारी ठेवून तो म्हणाला, "वहिनी, आज तुम्हाला फरक दाखवतो. मग हा तुमचा देऊन टाका कुणाला तरी."

फरक दिसला, पण त्याला हवा होता तेवढा नाही. त्याच्या एअरब्रशने केसासारखी रेघ काढली, मी दोऱ्यासारखी. वहिनी म्हणाली, "भाऊजी, बंबाच्या दारावर केस कशाला काढायचेत? दोरा पुरे की मला."

उस्तादाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तरीही मोठेपणाने म्हणाला, "राहू द्या, धुतो मी दोन्ही." आणि आम्हा दोघांच्या सुया काढून त्याने एकाच वाटीत टाकल्या! बोलता बोलता पुसल्या आणि परत बसवल्या. त्याची माझ्या पोटात, माझी त्याच्या.

आता हे ध्यानात घ्या. सुई आणि नोझल यांची जोडी असते. त्याची बारीक सुई माझ्या मोठ्या तोंडात नीट बसेचना. खटका सोडला तरी कडेने रंग झिरपत राहायचा आणि पुन्हा हवा सुटली की तो साठलेला थेंब भस्सकन बाहेर. मी ओरडून सांगितलं असतं. पण मला तोंड आहे ते थुंकायला, बोलायला नाही!

दुसऱ्या दिवशी वहिनीने कागदावर एक रेघ मारून पाहिली. ठीक आली. मग तिने बंब घेतला. बंबाच्या दारापर्यंत रंगवत आली, खटका सोडून क्षणभर थांबली, पुन्हा दाबला, आणि पांढऱ्या पट्ट्यावर लाल थेंब. तिने रंग पातळ केला. हवा कमी केली. नळीत पाणी साठलंय का तेही पाहिलं. जे जे तपासायला हवं ते सगळं तिने तपासलं. पण सुई दुसऱ्याची आहे, हे बिचारीच्या स्वप्नात तरी यावं का?

उस्ताद आला, पाहिलं आणि हसला. "सांगितलं होतं ना, स्वस्तातला माल. आणि वहिनी, रागावू नका, पण तुमचा हातही जरा जड आहे."

जड! कुणाच्या तरी हिरडीला टोचू नये म्हणून जो हात दाताची कड फुंकर घालावी तशी हलकेच घासतो, तो हात जड! माझ्या कपात उरलेला रंग त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडवावा असं वाटलं. पण तेवढं कुठलं नशीब!

वहिनी स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच रंगवा मग. बाबांना निदान चांगला तरी दिसू दे." उस्ताद बंब घेऊन गेला. मी खणात पडलो. मंडळात ही गोष्ट तो मीठमसाला लावून सांगत असे, हे वहिनीच्या कानावर आलंच. प्लास्टिकवरचा रंग उतरवता येतो हो. नावावर उडालेला उतरवायला कुठलं थिनर आणायचं?

पण खोट्याच्या कपाळी गोटा. माझी जाड सुई आत रेटून रेटून त्याच्या एअरब्रशचं नोझल तडकलं. कपात बुडबुडे यायला लागले. नवं नोझल बसवताना सुई बाहेर काढली आणि उस्तादाला उमगलं. एका संध्याकाळी बंब आणि आपला एअरब्रश घेऊन आला. "वहिनी, तुमचा द्या जरा, तेल घालून बघतो." पाठ करून बसला, सुया बदलल्या आणि मला तिच्या हातात देत म्हणाला, "घ्या. दुरुस्त केला. मला काही वेळ मिळेना, रंगवा तुम्हीच."

"भाऊजी, उपकार झाले तुमचे," वहिनी म्हणाली.

उपकार! स्वतः पाय मोडायचा, स्वतःच कुबडी द्यायची आणि वर नमस्कार घ्यायचा! आणि त्याने तो घेतला. नुसता घेतला नाही, मान डोलावून घेतला.

वहिनीने आधी थेंब उडालेला जुना रंग उतरवला. तिने लाल भरला. मी जीव ओतून फवारलो. एक थेंब म्हणून उडू दिला नाही. शेजारी उस्तादही आपलं विमान रंगवत बसला. काम झालं आणि जित्याची खोड, त्याने दोघांच्या सुया काढून टाकल्या त्याच वाटीत.

वहिनीचा हात थांबला. पाण्यात शेजारी शेजारी पडलेल्या दोन सुयांकडे ती बराच वेळ बघत राहिली. एक बारीक, एक जरा जाड. मग उठली, दुसरी वाटी आणली आणि माझी सुई उचलून तिच्यात ठेवली.

"भाऊजी, आमच्या कारखान्यात प्रत्येकाच्या दातांना वेगळा डबा असतो. दोघांचे दात एका वाटीत टाकले ना, तर दोघंही उपाशी मरतील."

उस्ताद म्हणाला, "मी... मी तेलच घातलं होतं."

"हो ना. तेलच."

तेवढ्यात तिचे वडील आतून आले. बंब डोळ्यांजवळ नेला, दारावरून अंगठा फिरवला. "पोरी, हा माझाच की गं! कुणी रंगवला?"

उस्तादाने तोंड उघडलं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. ते मिटलं.

"मी, बाबा," ती म्हणाली.

आता मी तिच्याच टेबलावर असतो. माझी वाटी वेगळी. पण उस्तादाने मंडळात जाऊन 'चूक माझी होती' असं अजून सांगितलेलं नाही. तिथे वहिनीचा हात अजून जडच आहे. म्हणून माझा राग जात नाही, आणि जाऊही नये.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात काही बिघडलं की मुक्या वस्तूच्या किंवा गप्प बसणाऱ्या माणसाच्या नावावर लगेच खर्ची टाकू नका. आधी वाटी कुणाची, हात कुणाचा ते बघा. चूक ज्याची, त्याच्याच खात्यावर मांडा, मग ते खातं तुमचं स्वतःचं का असेना. हिशेब खरा ठेवा.